फ्लशचं हँडल काढून पुश बटण बसवायचं आहे – घरच्या घरी जमेल का?

अनघा_चिंचवड

मंडळी, नमस्कार. आमच्या फ्लॅटमधला कमोड बिल्डिंग झाली तेव्हाचा, १९९८ चा आहे. सिरॅमिकचा टँक थेट कमोडवर बसवलेला आणि टँकला समोरून डाव्या अंगाला क्रोमचं हँडल. गेले काही महिने हँडल एकदा दाबून पाणी सुटत नाही. पाठोपाठ दोनतीनदा जोरात मारावं लागतं, मग मात्र अख्खा टँक एका दमात रिकामा होतो. सासूबाईंची मनगटं संधिवाताने धरली आहेत. त्यांना हे होत नाही, म्हणून त्या बादलीने पाणी ओततात. ७८ वर्षांचं माणूस ओल्या फरशीवर भरली बादली उचलतंय हे बघून माझ्या पोटात गोळा येतो.

प्लंबरला बोलावलं होतं. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं की हे मॉडेल आता मिळत नाही, सगळा सेट बदलून टाका. सेट बदलायचा म्हणजे खालची फरशी फोडा, जोड नव्याने करा, वॉटरप्रूफिंगला हात लागला तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल. आणि कमोड तर धडधाकट आहे, एक केसाएवढी चीरसुद्धा नाही. तो भंगारात टाकायला माझं मन तयार नाही.

दुकानात छोट्या-मोठ्या फ्लशची दोन बटणं असलेलं किट पाहिलं. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे अर्ध्या फ्लशची सोय झाली तर हवीच आहे. प्रश्न असे: हँडलचा टँक बटणावर नेता येतो का? आमच्या झाकणाला भोक नाही, मग बटण बसणार कुठे? टँक कमोडवरून उतरवावाच लागतो का? नळाचे वॉशर, बॉलकॉक, गीझरचे कनेक्शन पाइप मी स्वतः बदलते. घरात ड्रिल मशीन, स्लाइड पाना आणि पाइप पाना आहे. टँक मात्र कधी उतरवलेला नाही.

पाना_पक्कड

अनघाताई, बटणावर नक्की नेता येतो. कमोड अजिबात काढू नका. मी भोसरीत एका कारखान्याच्या मेंटेनन्सला होतो आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत असे टँक बदलून दिले आहेत. सेट बदला म्हणणं प्लंबरला सोपं जातं, कारण जुन्या टँकवर घासत बसण्यापेक्षा नवा बसवणं लवकर उरकतं. तुमचा कमोड चांगला आहे म्हणता, तर तो तसाच राहू द्या.

आधी झाकण उचलून आत काय आहे ते बघा. तळाच्या भोकावर रबराची झडप आणि तिला साखळी बांधलेली असेल तर तुमचं काम फार हलकं आहे. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून आत सायफन असणार. प्लॅस्टिकची उलट्या यू आकाराची उभी नळी, खालच्या बाजूला डब्यासारखा फुगीर भाग. हँडल दाबलं की त्या डब्यातली पट्टी वर उचलली जाते, पाणी वळणावरून पलीकडे ढकललं जातं आणि मग टँकमधलं बाकीचं पाणी त्याच्या मागून ओढलं जातं. ड्रममधलं पाणी आपण नळीने ओढून काढतो तेच तत्त्व. त्या पट्टीवर पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो फाटला की पाणी पुरतं उचललं जात नाही, म्हणून तुम्हाला परत परत मारावं लागतं. नुसता पडदा बदलूनही तुमचा फ्लश चालू होईल आणि दुकानात नाही मिळाला तर जाड प्लॅस्टिकच्या कागदातून तसाच कापून घेता येतो. हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण सायफनमध्ये दर वेळी पाणी उचलायचा जोर हातालाच लावावा लागतो, आणि तुमची खरी अडचण सासूबाईंच्या मनगटाची आहे. तेव्हा बटण बसवायचा विचार मला पटतो.

सायफन असेल तर टँक उतरवावाच लागेल, कारण सायफनला आवळून धरणारा मोठा चपटा नट, म्हणजे चेक नट, टँकच्या तळाखाली असतो. झडपवाल्या टँकमध्ये वरच्या वर बसणारी किट मिळतात, ती सायफनच्या टँकला चालत नाहीत. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देईल, ते घेऊ नका.

विकत काही घ्यायच्या आधी मापं घ्या: टँकच्या आतली तळापासून झाकणाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची, तळाच्या भोकाचा व्यास, हँडलच्या भोकाचं माप आणि ते तळापासून किती उंच आहे. ही शेवटची उंची लोक विसरतात. बटणाने उघडणाऱ्या नव्या व्हॉल्व्हला मधोमध ओव्हरफ्लोची, म्हणजे जास्तीचं पाणी कमोडमध्ये सोडणारी, नळी असते. तिचं तोंड हँडलच्या भोकाच्या खाली राहिलं पाहिजे, नाहीतर कधी बॉलकॉक अडकला तर पाणी हँडलच्या भोकातून बाथरूमभर होईल. भरलेल्या पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या साधारण इंचभर खाली ठेवायची.

मापं टाका, मग पुढचं सांगतो.

मीरा_रेडिंग

मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या जुन्या घरांत सगळीकडे हाच सायफन असतो, म्हणून लिहिते आहे. इथे २००० सालापर्यंत टँकमध्ये सायफनच हवा असा नियम होता. बटणाचे व्हॉल्व्ह १ जानेवारी २००१ पासून चालायला लागले. त्याच वेळी नव्या फ्लशला ६ लिटरची मर्यादा आली. सायफनचा आग्रह होता त्यामागे कारण आहे: त्यात पाणी वळणावरून उचलल्याशिवाय पलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून तो जुना झाला, त्यातला पडदा फाटला तरी कमोडमध्ये पाणी झिरपत नाही. बटणाचा व्हॉल्व्ह टँकच्या तळाशी एका रबरी वॉशरवर बसतो. त्या वॉशरखाली रेतीचा कण आला किंवा क्षार धरला की रात्रंदिवस बारीक धार चालू राहते, आणि ती कमोडच्या मागच्या बाजूने उतरत असल्यामुळे दिसतही नाही.

दिवसाआड पाणी असलेल्या घरात हे मनावर घ्यायला हवं. अर्ध्या फ्लशने वाचवलेलं पाणी एक झिजलेला वॉशर घालवू शकतो. मी बटण नको म्हणत नाही, आमच्याकडेही बटणच आहे. पण दर दोनतीन महिन्यांनी टँकमध्ये खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून, फ्लश न करता वीसेक मिनिटं थांबून बघते. कमोडमधल्या पाण्यात रंग उतरला तर वॉशर साफ करायची वेळ झाली.

झाकणाच्या प्रश्नाचं उत्तर: केबलवर चालणारी बटणं मिळतात. बटण हँडलच्याच भोकात बसतं आणि आतून सायकलच्या ब्रेकला असते तशी वायर व्हॉल्व्हपर्यंत जाते. झाकणाला हात लावावा लागत नाही. आमच्या घरी तेच आहे.

हिशोब_वही

पाण्याचा हिशोब मांडून ठेवतो. १९९८ चा टँक बहुधा १० लिटरचा असेल. घरात चार माणसं आणि प्रत्येकाचे दिवसाला पाच वेळा फ्लश धरले तर २० फ्लश, म्हणजे २०० लिटर. दोन बटणं झाल्यावर माणशी एक पूर्ण आणि चार अर्धे धरा. पूर्ण १० लिटरचाच ठेवला आणि अर्धा ५ चा, तरी ४० अधिक ८०, म्हणजे १२० लिटर. दिवसाला ८० लिटर वाचले. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये माणशी रोज ४५ लिटर फ्लशसाठी धरतात. तुम्ही आज ५० वर आहात, बटणानंतर ३० वर याल.

सुलभा_वैद्य_सांगली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, एकच सांगते. बटण घ्यायच्या आधी सासूबाईंना दुकानात न्या किंवा किट घरी आणून त्यांच्या हातात द्या. संधिवातात मनगट फिरवणं अवघड असतं तसंच एका बोटाच्या टोकाने जोर देणंही अवघड असतं. झाकणावरची काही बटणं लहान, खोलगट आणि कडक स्प्रिंगची असतात. ती त्यांना हँडलपेक्षा जड जातील. तळहाताने किंवा मुठीच्या बाजूने दाबता येईल असं मोठं आणि किंचित वर आलेलं बटण बघा. शिवाय झाकणावर बटण म्हणजे उठून, वळून, पुढे वाकून दाबायचं. समोरच्या अंगाला असेल तर ते अंतर कमी होतं. आणि कमोडशेजारी भिंतीला आधाराचा दांडा बसवून घ्या. ड्रिल काढणारच आहात.

अनघा_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. झाकण उघडलं, सायफनच आहे. डब्यातला पडदा कडेने फाटून लोंबतो आहे. आतली उंची ३३ सेंटिमीटर, हँडलचं भोक चौकोनी, तळापासून २५ सेंटिमीटरवर. तळाचं भोक साधारण अडीच इंचाचं आहे, पण त्यातून खाली येणारा सायफनचा आटा दोन इंचाचा वाटतो. टँकच्या आत बोअरच्या पाण्याचे पांढरे थर आहेत. खालचे दोन्ही बोल्ट गंजून लाल झालेत.

सुलभाताई, तुमचं ऐकून सासूबाईंना घेऊनच दुकानात गेले. झाकणावरची बटणं त्यांना अंगठ्याने दाबताच येईनात. केबलवाल्या किटचं बटण रुंद आहे, ते त्यांनी मुठीने सहज दाबलं. तरी दुकानदार म्हणतो झाकणाला भोक पाडून देतो, ते जास्त टिकतं. पाना_पक्कड काका, तुमचं मत सांगा.

पाना_पक्कड

ताई, केबलवालंच घ्या. सासूबाईंनी निवड केली आहे, विषय संपला.

तरी झाकणाबद्दल सांगतो, कारण हा धागा आणखी कोणी वाचेल. सिरॅमिकला भोक पडतं. त्याला हिऱ्याची धार असलेला गोल होल सॉ लागतो, बहुतेक बटणांना ४० मिलिमीटरच्या आसपासचा, पण माप किटच्या कागदावरूनच घ्यायचं. हॅमर मोड पूर्ण बंद, झाकणाखाली ओल्या वाळूची किंवा लाकडी फळीची सपाट बैठक, चकाकीच्या बाजूने सुरुवात, सतत थोडं थोडं पाणी आणि हातावर जोर न देता हळूहळू. वायरचं मशीन पाण्याजवळ धरू नये, बॅटरीचं वापरावं. डोळ्यांवर चष्मा हवाच. एवढं करूनही झाकण तडकू शकतं आणि १९९८ चं झाकण सुटं मिळत नाही. मग तुमचा धडका टँक झाकणाविना राहील. तेव्हा दुसरा मार्ग असताना मी भोक पाडत नाही आणि दुसऱ्यालाही पाडू देत नाही.

आता कामाला लागू. सकाळी पाणी भरून घ्या, मग अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा. जुना अँगल कॉक पुरता बंद होत नसेल तर त्याच्यावर जोर करू नका, डक्टमधला व्हॉल्व्ह बंद करून आधी अँगल कॉकच बदला. टँक रिकामा करा, तळाचं पाणी स्पंजने टिपून घ्या. कनेक्शन पाइप सोडा. बॉलकॉकचा नट सोडताना आतून बॉलकॉक हाताने धरून ठेवायचा, नाहीतर तो टँकमध्ये गरगर फिरतो आणि आतली बाजू खरवडते.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी नट फिरला तर उत्तम. नाही फिरला तर पाना लावून जोर करत बसू नका, सिरॅमिकला पिळ बसला की तडा जातो. टँक आणि कमोडच्या मधल्या फटीत हॅकसॉचं नुसतं पातं घाला आणि बोल्ट कापा. दोन्हीकडच्या सिरॅमिकवर आधी जाड टेप चिकटवून घ्यायची. बोल्ट नवीन घ्यायचेच आहेत, पितळेचे किंवा स्टेनलेसचे. लोखंडाचे पुन्हा नकोत.

टँक दोघांनी मिळून सरळ वर उचला आणि जाड गोधडीवर आडवा ठेवा. खाली काळं जाड रबरी कडं असेल, ते जुनं फेका. मोठा चेक नट पाइप पान्याने सोडा, सायफन निघेल. पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळं त्याच्यावर अवलंबून आहे: तळाच्या भोकाभोवतीची जागा आतून आणि बाहेरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागेपर्यंत साफ करायची. लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी किंवा पांढरं व्हिनेगर कपड्याला लावून तासभर तसंच ठेवा, क्षार मऊ होतो, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. टॉयलेटचं ॲसिड टँकमध्ये ओतू नका, बोल्ट आणि रबर दोन्ही जातात. आणि ब्लीचिंगबरोबर तर ॲसिड कधीच नाही, क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो.

नवा व्हॉल्व्ह बसवताना रबरी वॉशर आतल्या बाजूने, नट बाहेरून. सफेदा, एम-सील, सिलिकॉन यांतलं काही लावायचं नाही. आपल्याकडे भीतीपोटी सफेदा थापायची सवय आहे. पण वॉशरला कोरडी स्वच्छ जागा मिळाली की तो स्वतः पाणी धरतो. नट हाताने पूर्ण आवळा आणि मग पान्याने पाव फेरा. तेवढंच. तळाखाली नवं जाड रबरी कडं चढवा, टँक कमोडवर ठेवा, बोल्ट वरून घाला. बोल्टच्या डोक्याखाली टँकच्या आत रबरी वॉशर आलाच पाहिजे. मग एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे आवळा. टँक डुगडुगायचा थांबला की थांबा.

टँक उतरवलाच आहे तर बॉलकॉकही बदला. जुन्याची आडवी दांडी आणि गोळा नव्या व्हॉल्व्हवर आपटतो. त्याच्याजागी येणारा, टँक भरून पाणी बंद करणारा उभा फिल व्हॉल्व्ह कमी जागेत बसतो. तुम्ही कितव्या मजल्यावर आहात? गच्चीवरच्या टाकीपासून १० मीटर खाली असलात तर दाब साधारण १ बार मिळतो, पण सगळ्यात वरच्या मजल्याला तीनएक मीटरच असतात, म्हणजे ०.३ बार. तिथे काही व्हॉल्व्ह फार सावकाश भरतात. कमी दाबाचा मागून घ्या.

पाणी सोडल्यावर पूर्ण फ्लश आधी जास्तीत जास्त ठेवा. जुना कमोड १० लिटरच्या हिशोबाने घडवलेला असतो, त्याला ६ लिटरवर आणलं तर मैला पुरता पुढे जात नाही आणि ड्रेनेजच्या पाइपात साचतो. हळूहळू कमी करत जा आणि जिथे एका फ्लशमध्ये कमोड स्वच्छ होतो तिथे थांबा. दोन वेळा फ्लश करावा लागला तर बचत कसली?

अनघा_चिंचवड

झालं काका! रविवारी मी आणि नवऱ्याने मिळून केलं. एक बोल्ट सुटला, दुसरा हॅकसॉच्या पात्याने कापला. क्षार काढण्यातच सकाळ गेली, पण आता तळाला बोट फिरवलं तर काचेसारखं लागतं. टँकखाली टिश्यू पेपर धरून बघितला, बोल्टपाशी आणि कड्यापाशी कोरडं आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, टँक पटकन भरतो. सासूबाई मुठीने बटण दाबतात आणि बादली बाथरूममधून बाहेर काढली आहे. दांडा पुढच्या आठवड्यात.

एक अडचण आहे. मीराताईंची रंगाची परीक्षा घेतली. अर्ध्या तासाने कमोडमध्ये फिकट केशरी रंग उतरला. वॉशर तर नवीनच आहे.

पाना_पक्कड

छान काम केलंत. वॉशर काढायच्या आधी केबल बघा. बटण न दाबता केबल किंचित सैल असायला हवी, बटणाला पहिले दोनतीन मिलिमीटर रिकामी चाल हवी. केबल ताणलेली असेल किंवा टँकच्या कोपऱ्यात तिला तीव्र वळण असेल तर व्हॉल्व्ह केसभर उचललेलाच राहतो. केबलच्या टोकाला बारीक लॉक नट असतो, तो एक-दोन फेरे सैल करा, केबल मोठ्या गोलाईने फिरवा आणि झाकण ठेवताना ती खाली चेपली जात नाही ना ते बघा.

तरीही रंग उतरला तर पाणी बंद करून व्हॉल्व्हचा वरचा भाग फिरवून वर काढा, बहुतेकांचा पाव फेऱ्यात निघतो, टँक उतरवावा लागत नाही. खालचा गोल वॉशर धुऊन उलटा करून बसवा. क्षार खरवडल्यानंतर पहिल्या काही फ्लशमध्ये सुटे कण वाहत येतात आणि बरोबर तिथेच अडकतात.

अनघा_चिंचवड

केबलच होती. फिल व्हॉल्व्हच्या मागून घातली होती आणि झाकण तिच्यावर टेकत होतं. पुढून घेतली, लॉक नट सैल केला. रात्री रंग टाकून ठेवला, सकाळी कमोडमधलं पाणी स्वच्छ.

मीरा_रेडिंग

मस्त! व्हॉल्व्हचा एक जास्तीचा वॉशर त्याच दुकानातून आत्ताच घेऊन ठेवा, किटच्या खोक्याबरोबर. काही वर्षांनी तेच मॉडेल मिळत नाही. आणि टँकमध्ये टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर बंद करा, त्यांनी रबर लवकर कडक होतं.